लेणं नको, गुहा दाखव!

‘तुमच्याकडे आहे का असलं काही?’

समोरच्यानं मोबाइल थेट माझ्या डब्यावर धरला होता. बाणेरमधलं एक चकाचक ऑफिस, तिथलं कॅफेटेरिया, शुक्रवारची दुपार. मी फ्रीलान्सर, म्हणजे मला स्वतःचं ऑफिस नाही. मैत्रिणींच्या ऑफिसांत पाहुणी म्हणून जेवायचं आणि कॉलमचे विषय फुकटात गोळा करायचे, हा माझा धंदा. (थँक्स गर्ल्स!) तर त्या दिवशी टेबलावर मैत्रिणीच्या टीममधला एक जण होता. दीड वर्ष ऑनसाइट राहून नुकताच परतलेला. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘आम्ही हवाईला होतो ना, तेव्हा...’ अशी. म्हणून आपणही त्याला हवाईच म्हणू.

फोटो मात्र सॉलिड होता. एक गोल, काळाकभिन्न बोगदा. ओली जमीन, बाजूला मिणमिणते दिवे. मेट्रोचं काम चालू असताना पेपरात फोटो यायचे ना, थेट तसा.

‘ही नाहुकू. थर्स्टन लाव्हा ट्यूबपण म्हणतात. कुणीही खणलेली नाही बरं का. ज्वालामुखीनंच केलीय.’

आता मी भडगावची. तालुका भडगाव, जिल्हा जळगाव, नदी गिरणा. पुण्यात कुणी ‘भडगाव म्हणजे नक्की कुठे?’ असं विचारलं की आधीच माझा पारा चढतो. त्यात हे. मी चमचा खाली ठेवला आणि सुनावलं, ‘अरे, आमचं अख्खं खानदेश लाव्हावर वसलंय! तुझी हवाई बेटं त्यात सहज मावतील. आणि गुहाच बघायच्या तर अजिंठा आमच्या उंबऱ्यावर आहे.’

‘ते लेणं झालं,’ हवाई शांतपणे म्हणाला. ‘माणसांनी छिन्नी-हातोडा घेऊन खोदलेलं. मी गुहा म्हणतोय. लेणं नको, गुहा दाखव.’

टेबलावर पिनड्रॉप सायलेन्स. माझ्या मैत्रिणीनंही (गद्दार!) दह्याची वाटी चाटायला घेतली.

खरं सांगते, मला ते लागलं. कारण पॉइंट बरोबर होता. लेणं वेगळं, गुहा वेगळी. आपल्या भाषेनंच तो फरक करून ठेवलाय. मग महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाचा असून आपल्याकडे हवाईसारखे बोगदे का नाहीत? लहानपणापासून ज्या काळ्या दगडावर कपडे आपटले, चटणी वाटली, त्याबद्दल मला हा साधा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

घरी येऊन वाचत बसले. लाव्हा ट्यूब कशी होते हे समजायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे आपलं स्वयंपाकघर. दूध तापवून ठेवलं की वर साय धरते. आता पातेलं हळूच कलतं करा. साय तशीच राहते आणि तिच्याखालून दूध निघून जातं. सायीच्या जागी दगड आणि दुधाच्या जागी अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसचा लाव्हा ठेवा, झाली तुमची ट्यूब. उतारावरून वाहणारा लाव्हा वरून हवेनं गार होतो, त्याचं झाकण बनतं. पण दगड उष्णतेचा अगदी वाईट वाहक. त्यामुळे हे झाकण थर्मासचं काम करतं. आतला लाव्हा गरमच राहतो आणि मैलोन् मैल वाहत जातो. मग कधीतरी वरून पुरवठा थांबतो, आतला लाव्हा उतारानं निथळून जातो आणि मागे राहतो रिकामा बोगदा. हवाई बेटावर किलाउआ नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावरची काझुमुरा नावाची अशी गुहा 65 किलोमीटर लांब आहे. म्हणजे आमचं भडगाव ते जळगाव अंतर जमिनीखालून! ही काझुमुरा आणि हवाईच्या मोबाइलमधली नाहुकू, दोघींचं वय सुमारे 500-600 वर्षं. दगडांच्या हिशेबात काल रात्रीची गोष्ट.

चंद्रावरही असे बोगदे आहेत म्हणे. आपल्या चांद्रयान-1 नं पाठवलेल्या चित्रांवरून अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये सुमारे 1.7 किलोमीटर लांबीची एक न कोसळलेली लाव्हा ट्यूब दाखवून दिली. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून छत सहज टिकतं. उद्या माणसं चंद्रावर राहायला गेली तर पहिलं घर बहुतेक अशाच बोगद्यात असेल. म्हणजे चंद्रावर आहेत, हवाईत आहेत आणि आमच्याकडे नाहीत. अजूनच चिडचिड.

आता आपलं बघा. आपला लाव्हा आला सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. एका टोकदार डोंगरातून धूर-बिर काढत नाही, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. एकदा आला, पसरला, गार झाला. मग त्यावर दुसरा. त्यावर तिसरा. असे थरावर थर. आज उरलेला भागच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो आणि सह्याद्रीच्या बाजूला या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. यातला ट्रॅप सापळ्याचा नाही हं, तो स्वीडिश भाषेतल्या पायरी या शब्दावरून आलाय. चाळीसगावच्या बाजूनं सातमाळ्याच्या रांगेकडे बघा, डोंगर जिन्यासारखा दिसतो. कडा, सपाटी, पुन्हा कडा. प्रत्येक पायरी म्हणजे ढोबळमानानं लाव्हाचा एक थर.

आणि इथेच आपला हवाईशी काडीमोड होतो. तिथे उतार होता, त्यामुळे लाव्हा झाकणाखालून निथळून गेला. आपल्याकडे तो बऱ्याच ठिकाणी जवळजवळ सपाट जमिनीवर पसरला. वर साय धरली, खाली लाव्हा येतच राहिला, पण पुढे निथळून जायला उतार कुठे होता? मग तो खालून दाब देत राहिला आणि आधीचा पातळ थर भाकरीसारखा टम्म फुगत गेला. फरक इतकाच की भाकरीच्या पोटात वाफ असते, इथे पोट लाव्हानंच भरलेलं राहिलं आणि भरल्या पोटीच थिजलं. पश्चिम महाराष्ट्रात काही ठिकाणी लाव्हाच्या जुन्या वाहिन्यांच्या आणि ट्यूबच्या खुणा भूशास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. पण कुठे त्या आतल्या आत लाव्हा थिजूनच बुजल्या, कुठे वरच्या थराखाली गेल्या आणि जे उरलं त्यावर सहा कोटींहून जास्त पावसाळे पडले. एवढ्या पावसाळ्यांत सायीचं काय होतं ते सांगायला नको.

गंमत म्हणजे आपल्या खडकाच्या अशा थरांना जगभर जे नाव आहे, ते हवाई भाषेतलंच. पाहोयहोय. म्हणजे नावही त्यांचंच, गुहाही त्यांच्याच. वा रे वा.

हे सगळं डोक्यात घेऊन मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरी गेले. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं चाळीसगाव, तिथून एसटीनं भडगाव. पारा 44 वर. आणि घरात मूड त्याच्याही वर. कारण अप्पांनी बोअरची गाडी बुक केली होती.

तुमच्यापैकी ज्यांचं गावाकडे शेत आहे त्यांना ‘बोअरची गाडी’ या शब्दांनी पोटात येणारा गोळा माहीत असेल. आमच्या लिंबाच्या बागेजवळ विहीर आहे. फेब्रुवारीपर्यंत साथ देते, मग दिवसाला तासभर मोटर चालली तरी नशीब. गेल्या पाच वर्षांत दोन बोअर झाले. पहिला अडीचशे फूट, दुसरा तीनशेच्या पुढे. दोन्हींतून पाण्याऐवजी फुफाटा उडाला. शंभर फुटांनंतर प्रत्येक फुटागणिक अप्पांचा चेहरा कसा बदलत गेला ते मी दुसऱ्या वेळी बघितलंय. पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती. आता तिसरा. पाणाडी येऊन, तळहातावर नारळ उभा करून, विहिरीपासून वीस पावलांवर जागा दाखवून गेला होता.

‘अप्पा, थांबा ना जरा. खालचा दगड कसा आहे ते आधी बघू.’

अप्पा खाटेवरून उठलेही नाहीत. ‘तुना मोबाइलमा खालनं पानी दखास का?’

घरात अहिराणी सुरू झाली की समजायचं, चर्चा संपली. पण माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे भाऊच म्हणतो, तो शेती बघतो आणि त्याचाही तिसऱ्या बोअरवर विश्वास नव्हता. तो म्हणाला, ‘ताई, दगड बघायचा तर विहिरीत उतर की. एवढं मोठं भोक आयतं पाडून ठेवलंय आजोबांनी.’

काय बोललास, भाऊ! मी चोवीस तास लॅपटॉपवर डेक्कन ट्रॅपची आकृती बघत होते आणि खरी आकृती आमच्या शेतात उभी होती. 52 फूट खोल.

सकाळी सहाला उतरलो. अर्ध्यापर्यंत पायऱ्या, मग दोर आणि भाऊचा खांदा. लहानपणी या विहिरीत पोहायला शिकले, पण भिंतीकडे बघितलं नव्हतं. वर काळी माती. खाली मुरूम. त्याखाली काळा कातळ, उभ्या भेगांचा. गार होताना लाव्हा आक्रसतो आणि अशा भेगा पडतात. चाळीस फुटांच्या आसपास भिंतीत एक हातभर तांबडा पट्टा, विटेच्या रंगाचा. आणि त्याच्याखाली अगदी वेगळाच दगड. जांभळट, ठिसूळ, भोकाभोकांचा. जाळीदार अनरसा आठवतो? तसा.

तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हांमधली सुट्टी. खालचा थर येऊन गेल्यावर पुढचा यायला वेळ लागला. तेवढ्यात खालच्याचा वरचा भाग ऊन-पावसात कुजला, त्याची माती झाली. काही ठिकाणी राखही साचली. मग वरून नवा लाव्हा आला आणि त्यानं ती माती अक्षरशः भट्टीत घातल्यासारखी भाजून काढली. खालचा भोकाभोकांचा दगड हा जुन्या थराचा माथा. लाव्हातला वायू सोड्याच्या बुडबुड्यांसारखा वर चढतो आणि लाव्हा थिजला की बुडबुडे माथ्याशी अडकून राहतात.

भाऊनं टॉर्च मारला आणि एका मुठीएवढ्या भोकात काहीतरी चमकलं. बोट घातलं तर आत पांढऱ्या स्फटिकांची दाट रांग. सुईसारखे, पात्यासारखे. लहानपणी आम्ही यांना गारा म्हणायचो आणि भातुकलीत साखर म्हणून वापरायचो. हे झिओलाइट. खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यानं खडकातलीच द्रव्यं विरघळवून आणायची आणि पोकळीत आतून एकेक थर लावत जायचं, असं हे बनतं. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींत निघालेले झिओलाइट आणि अपोफिलाइटचे तुकडे जगभरच्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात बसलेत. एवढ्या लांब जायचं नसेल तर सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, नाशिकला जाता-येता बघा. भन्नाट आहे.

आणि तिथेच, दोराला लटकलेल्या अवस्थेत, माझी ट्यूब पेटली. गुहा आहेत की! लाव्हानं आपल्याकडेही पोकळ्या ठेवल्यात. फक्त त्या बहुतेक वाटाण्याएवढ्या, लिंबाएवढ्या, नारळाएवढ्या आहेत. माणसानं आत जाऊन सेल्फी काढावा अशा नाहीत. पाण्यानं आत जाऊन राहावं अशा आहेत.

तेवढ्यात भाऊनं टॉर्च वर फिरवला. ‘ताई, पाणी कुठून येतंय बघ.’ तांबड्या पट्ट्याच्या बरोब्बर वर, जिथे काळा कातळ त्याच्यावर टेकतो, तिथे ओल होती. मे महिन्यात, 44 डिग्रीत, थेंब-थेंब गळत होतं. वरचं पाणी उभ्या भेगांतून खाली उतरतं, चिकट तांबड्या मातीवर येऊन अडतं आणि आडवं सरकत विहिरीत येतं. बाकी सगळी भिंत कोरडी ठणठणीत.

म्हणजे आमच्या तीनशे फुटी बोअरचं काय झालं होतं? तो जिथे पाणी आहे तिथून सरळ भोक पाडत पुढे निघून गेला होता. खालच्या सलग काळ्या पाषाणात, जिथे ना भेग ना भोक. त्यात असं उभं भोक कधी कधी वरच्या थरातलं पाणी खाली गळून जायलाही वाट करून देतं. विहिरीपासून वीस पावलांवर हे होणं म्हणजे स्वतःच्याच टाकीला खालून छिद्र.

‘हे अप्पांना तू सांग,’ भाऊ म्हणाला. ‘माझं ऐकत नाहीत.’ माझं तरी कुठे ऐकतात? पण गाडी यायला तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाऊनं बाइक काढली आणि आम्ही पितळखोऱ्याला गेलो. निमित्त माझ्या कॉलमचं. खरं तर घरातून पळ काढायचा होता. चाळीसगाव सोडलं की समोर सातमाळ्याची रांग, तिच्या कुशीत पाटणादेवी. आम्ही औट्रम घाट चढून कन्नडच्या बाजूनं गेलो. घाटात रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीकडे बघत जा, विहिरीत दिसलं तेच सगळं दिसतं. काळा, तांबडा, भोकाभोकांचा, पुन्हा काळा. भाऊ मागे वळून ओरडला, ‘ताई, अख्खा घाट म्हणजे आपली विहीर उलटी करून ठेवलीय!’ एका शेतकऱ्याला एकदा विहीर वाचता आली की त्याला सगळीकडे विहीरच दिसते.

इथे हवाईच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर आहे. लाव्हानं थर लावून दिले, काही कडक, काही नरम. पुढचं काम पाण्याचं. ओढा कड्यावरून खाली पडतो. वरचा कातळ त्याला दाद देत नाही, पण खालचा नरम थर तुषारांनी, ओलाव्यानं झडत जातो. कड्याचा पाया आत आत सरकतो आणि वरचा कातळ छत होऊन पुढे राहतो. याला आपण म्हणतो कपार. मोठी झाली की घळ. महाडजवळची शिवथरघळ पावसाळ्यात बघितली असेल तुम्ही. धबधब्याचा पडदा आणि त्यामागे समर्थ रामदासांची जागा. ती कुणी खोदलेली नाही. ती गुहाच आहे. हवाईला मी तिथल्या तिथे मेसेज टाकला असता, पण घाटात रेंज नव्हती.

पाण्याची अजून एक स्टाइल आहे. नदीच्या पात्रातल्या खड्ड्यात एखादा गोटा अडकतो, भोवऱ्यात गरगर फिरतो आणि जातं फिरावं तसा कातळ कोरत जातो. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीनं असे रांजणखळगे कोरलेत. रांजण म्हणजे अक्षरशः रांजण.

आणि अजिंठा? तिथली घोड्याच्या नालेसारखी दरी वाघूर नदीनं कापली. वरून सात कुंडांतून उड्या मारत ती खाली येते आणि वळण घेते. ते वळण कापताना तिनं उभा, सलग, भक्कम कडा उघडा केला. भिक्खू आणि कारागीर नंतर आले. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास काही लेणी आणि मग पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळात बाकीची. 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला जी दिसली, ती. म्हणजे लेणं माणसाचं, हे मान्य. पण भिंत पाण्याची आणि दगड लाव्हाचा. तिघांच्या नावावर सातबारा करायला हवा. हीच वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते आणि तिच्यावरच्या धरणाचं पाणी जळगावकरांच्या नळाला येतं. जळगावात राहणाऱ्या माझ्या किती मैत्रिणींना हे माहीत आहे? एकीलाही नाही. मी विचारलं.

पितळखोरा मात्र अजिंठ्यासारखं नशीबवान नाही. पायऱ्या उतरत खाली गेलो, लोखंडी पुलावरून ओलांडलो. ओढा कोरडा, पात्रात गोल गोल खळगे उघडे पडलेले. दरीच्या दोन्ही अंगांना लेणी, एकूण 14. अजिंठ्याच्या जुन्या लेण्यांच्या आगेमागे कधीतरी इथे छिन्नी लागली. आज समोर उभं राहिलं की पहिल्यांदा दिसतं ते काय शिल्लक नाही ते. दर्शनी भिंती कोसळलेल्या, खांब तुटलेले. इथला खडक अजिंठ्याइतका भक्कम नाही आणि पाण्यानं त्याला वरून, मागून, सगळीकडून खाल्लंय. ढिगारा उपसताना 1950 च्या दशकात इथे एक बुटका, हसरा यक्ष सापडला. त्याच्यावर कोरलंय की हा कण्हदास नावाच्या सोनारानं केला. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोनारानं दगडात केलेलं काम! सही करायची हौस मात्र अगदी आपल्यासारखी.

पण मी ज्याच्यासमोर बसून राहिले ती गोष्ट वेगळीच होती. जिन्याच्या बाजूला कातळात पाच फण्यांचा नाग कोरलाय. त्याच्या फण्यांना भोकं आहेत. वरून येणारं पाणी कातळात कोरलेल्या वाटेनं आणायचं आणि नागाच्या फण्यांतून बाहेर काढायचं, अशी ती योजना. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इथे उभं राहून डोक्याला हात लावला असणार. खडक झिरपतोय, पाणी थांबणार नाही, आणि महिनोन् महिने खोदलेलं टाकून देणंही शक्य नाही. मग त्यांनी पाण्याशी भांडण केलं नाही. ते कुठून येतंय ते बघितलं, त्याला वाट करून दिली आणि त्या वाटेच्या तोंडाशी नाग बसवला. ड्रेनेज लाइनला एवढं सुंदर झाकण मी आयुष्यात बघितलं नाही.

भाऊ बराच वेळ त्या भोकांकडे बघत होता. मग म्हणाला, ‘ताई, हे आडवं बोअर आहे.’

आडवं बोअर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीत मशीन उतरवायचं आणि भिंतीत आडवं भोक पाडायचं, जिथे झिरपा आहे त्या थरात. खाली खाली जायचं नाही, पाण्याच्या वाटेनं आत जायचं. आमच्याकडे बऱ्याच जणांनी केलंय. ही काही जादू नाही हं. नवीन पाणी यातून तयार होत नाही. थरात आहे तेच लवकर ओढलं जातं, आणि सगळ्यांनीच ओढायला घेतलं तर शेजारच्या विहिरीनं काय करायचं हा प्रश्न राहतोच. पण तीनशे फूट फुफाट्यापेक्षा खर्च कमी.

संध्याकाळी भाऊनं अप्पांना मोबाइलवर नागाचा फोटो दाखवला. मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. भाऊ समजावत होता: तांबडा थर, त्यावरची ओल, दोन्ही बोअर त्या थरातून खाली गेलेले. अप्पा गप्प. मग त्यांनी विचारलं, ‘हाई कव्हानं शे?’ किती जुनं आहे?

‘दोन हजार वर्षं.’

बराच वेळ काही आवाज नाही. मग फोन लावल्याचा आवाज. गाडीवाल्याला आठवडाभर थांबायला सांगितलं. रद्द केलं नाही, लक्षात घ्या. अप्पा कधीच काही रद्द करत नाहीत, फक्त पुढे ढकलतात.

गुरुवारी आडव्या बोअरचं मशीन विहिरीत उतरलं. तांबड्या पट्ट्याच्या वीतभर वर, तीन दिशांना तीन भोकं. पूर्वेचं कोरडं गेलं. दक्षिणेच्या भोकातून गढूळ ओघळ आला आणि थोड्या वेळानं थांबला. पश्चिमेकडच्या भोकात, गिरणेच्या अंगाला, सत्तर फुटांवर मशीनचा आवाज बदलला. आधी तांबडं पाणी, मग राखाडी, मग स्वच्छ. धार करंगळीएवढी. अप्पा पायऱ्यांवर बसून होते. तासाभरानं उठले, चपला घातल्या आणि चहा सांगायला घरी गेले. बाग जगेल का, ते जूनवर आहे. पण मोटर आता दिवसाला पावणेतीन तास चालते, असा भाऊचा काल रात्रीचा मेसेज आहे.

मी हवाईला विहिरीच्या भिंतीचा फोटो पाठवला. टॉर्चच्या उजेडात चमकणारं भोक, आत स्फटिकांची रांग, वरून गळणारं पाणी. खाली लिहिलं, ‘गुहा. 100% नॅचरल.’

त्याचा रिप्लाय दोन मिनिटांत आला, ‘वॉव! आत जाता येतं?’

‘बोट जातं,’ मी लिहिलं.

तो आता दिवाळीनंतर भडगावला यायचं म्हणतोय. अप्पांनी निरोप दिलाय: येऊ दे, पण विहिरीत उतरायचं तर डोक्याला हेल्मेट पाहिजे, वरून मुरूम सुटतो. आणि गारा नेल्या तर दोनच न्यायच्या.